अनोळखी मासा जाळ्यात आला, आता पुढे काय?

मागच्या अंकात एक छोटी नोंद होती, आधी जिथे कधी सापडला नव्हता अशा समुद्रात एखादा मासा सापडला तर शास्त्रज्ञ त्याची नोंद कशी करतात याबद्दल. तुमच्याकडे असं काही दिसलंय का असं शेवटी विचारलं होतं. त्यावर खूप पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले, बरेचसे किनाऱ्यावरच्या वाचकांचे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न : आमच्या रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) एक रंगीत मासा आला. गावातल्या जुन्या जाणत्या माणसांनाही नाव सांगता येईना. मोबाईलवर शोधलं तर अगदी तसाच मासा लक्षद्वीप-मालदीवकडे मिळतो असं दिसतंय. ही नवीन नोंद होते का? करायची तर कशी? (मालवणहून एक वाचक)

होऊ शकते, पण घाई करू नका, आधी मासा सांभाळा. सगळ्यात पहिलं म्हणजे तो साफ करू नका, पोट फाडू नका, कल्ले काढू नका, कारण ओळख पटवायच्या निम्म्या खुणा तिथेच असतात. मासा ओला आणि ताजा असतानाच फोटो काढा. रंग फार लवकर उतरतो, कधी कधी तर बर्फात ठेवायच्या आतच अंगावरचे पट्टे पुसट व्हायला लागतात. डोकं डावीकडे येईल असा आडवा ठेवा, पाठीवरचा आणि पोटाखालचा पर बोटाने उघडून धरा आणि शेजारी पट्टी किंवा शिंप्याचा टेप ठेवा. पट्टीशिवाय काढलेल्या फोटोत मासा वीतभर आहे का हातभर हे कुणालाच कळत नाही.

मग लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, किती वाव खोल पाण्यात, कुठलं जाळं, असे किती मासे होते आणि त्याच ओढीत अजून काय काय आलं. हे सगळं त्याच दिवशी लिहा कारण चार दिवसांनी "तळाशीलच्या समोर" का "निवतीच्या जवळ" यात गोंधळ होतोच, आणि जागाच पक्की नसेल तर नोंदीचा जीवच जातो. मासा कुठला हे नंतरही ठरवता येतं, पण कुठे मिळाला हे फक्त तुम्हालाच माहीत असतं! मग ती चिठ्ठी पेन्सिलने लिहून (पेनाची शाई पाण्याने पसरते) माशासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी बर्फात नाहीतर फ्रीजरमधे ठेवा. फॉर्मलिनच्या (नमुने टिकवायच्या रसायनाच्या) भानगडीत घरी पडू नका, ते विषारी असतं आणि त्याने डीएनएपण खराब होतो.

पुढचं काम संस्थेचं. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, सीएमएफआरआयचंही (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचंही) मुंबईत केंद्र आहे, आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथली माणसं आधी मांसाचा छोटा तुकडा कापून अल्कोहोलमधे ठेवतात, डीएनएसाठी. मग मासा फॉर्मलिनमधे मुरवून अल्कोहोलमधे हलवतात आणि मोजमाप सुरू होतं: अंगाची लांबी, डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, प्रत्येक परात कडक काटे किती आणि मऊ काड्या किती, अंगावरच्या मधल्या रेषेवर खवले किती. हे आकडे जुन्या वर्णनांशी ताडून बघतात. शेवटी मासा संग्रहालयात जातो, त्याला नंबर मिळतो, आणि त्या नंबरासकट लेख छापला जातो. तो नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तो माणूस जाऊन तीच बरणी उघडून तोच मासा परत मोजू शकतो.

आता "नवीन" या भागाबद्दल. मोबाईलवर जो नकाशा दिसतो तो म्हणजे आजवर कुणीतरी छापलेल्या नोंदींची बेरीज. तुमच्या किनाऱ्यावर कुणी नीट बघितलंच नसेल तर नकाशा तिथे कोरा राहतो, मासा असो वा नसो. मालवणच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत, प्रवाळ आहे, त्यामुळे खडकात राहणारे लक्षद्वीपकडचे मासे तिथे असणं यात अशक्य काही नाही. म्हणून मला "मासा इथे नव्याने आला" असं लगेच म्हणायला आवडत नाही, "इथून पहिल्यांदा नोंदला गेला" एवढंच म्हणावं. दोन्हींत फार फरक आहे आणि बातम्यांमधे हा फरक सर्रास पुसला जातो.

आणि जुनी पुस्तकं चाळल्याशिवाय पहिली नोंद म्हणू नये. फ्रान्सिस डे यांचं भारतातल्या माशांवरचं मोठं काम १८७५ ते १८७८ मधे आलं, त्यातल्या चित्रांवरून आजही मासे ओळखता येतात. फक्त नावं बदललेली असतात. आपला साधा बांगडा आज रॅस्ट्रेलिगर कानागुर्टा आहे पण १८१६ मधे कुव्हिएने नाव दिलं तेव्हा तो स्कॉम्बर होता, त्यामुळे फक्त आजचं नाव शोधलं तर जुनी नोंद हाताला लागतच नाही आणि शंभर वर्षांपूर्वी नोंदलेला मासा परत एकदा "पहिल्यांदा" सापडतो.

प्रश्न : माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या वेळी तारली एवढी मिळायची नाही, आणि आता पर्ससीनवाले (थव्याला घेरणारं मोठं जाळं वापरणारे) टनांनी आणतात. मग तारली ही आपल्याकडे बाहेरून आलेली मासळी आहे का? (रत्नागिरी, मिरकरवाडा)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण आजोबांचं निरीक्षण आणि शास्त्रज्ञांचे आकडे इथे एकाच दिशेला जातात.

तारली म्हणजे सार्डिनेला लॉन्जिसेप्स, केरळात हिलाच मत्ती किंवा चाळा म्हणतात. हिचं मूळ बस्तान मलबार किनाऱ्यावर, ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशात, म्हणजे साधारण कन्याकुमारीपासून कर्नाटकातल्या भटकळपर्यंत. तिथे पावसाळ्यात वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, खतासारखं कसदार पाणी वर येतं, त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर तारलीचे थवे पोसले जातात. सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांचे मासेमारीचे आकडे एकत्र मांडले तेव्हा असं दिसलं की १९८५ पर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली याच पट्ट्यातून यायची, १४ अंशांच्या वर एकतर अगदी थोडी नाहीतर काहीच नाही. नंतर वरचा वाटा वाढत गेला आणि २००६ मधे १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातून, ज्यात गोवा आणि आपलं कोकण दोन्ही येतं, देशातल्या तारलीपैकी सुमारे १५ टक्के मिळाली. रत्नागिरी १७ अंशांवर, म्हणजे बरोब्बर त्या पट्ट्याच्या मधोमध. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पूर्व किनाऱ्यावर तमिळनाडूतही ती मोठ्या प्रमाणात मिळायला लागली. समुद्र तापल्यामुळे उत्तरेकडचं पाणी तिच्या सोयीचं झालं असावं, असं या शास्त्रज्ञांनी त्याचं कारण मांडलंय.

पण म्हणून ती बाहेरून आली असं मी म्हणणार नाही. ती आपल्याकडे थोडीफार होती, आजोबापण "एवढी मिळायची नाही" असंच म्हणायचे ना, "नव्हतीच" असं नाही. वाढलं ते प्रमाण. आणि मिळणाऱ्या मासळीचे आकडे वाचताना जाळंपण लक्षात घ्यावं लागतं. पर्ससीन आलं, इंजिनं मोठी झाली, थव्याला घेरायची ताकद आली, मग पूर्वी रापणीच्या टप्प्यात न येणारे थवे आता टोपल्यांत दिसणारच. किती भाग समुद्राचा आणि किती जाळ्याचा हे वेगळं काढणं कठीण काम आहे, आणि दोन्ही बाजू न बघता सगळं हवामानबदलावर टाकणं मला पटत नाही.

शिवाय या माशाचा स्वभावच चढउताराचा. केरळात २०१२ मधे जवळपास ४ लाख टन मिळाली आणि २०२१ मधे फक्त ३,२९७ टन! पुढच्या वर्षी परत वाढली. त्यामुळे रत्नागिरीत दोन-तीन वर्षं तारली गायब झाली तर "परत दक्षिणेला गेली" असं लगेच ठरवू नका.

अजून एक, कारण पुष्कळ ठिकाणी सगळ्या पेडव्यांना (तारलीसारख्या दिसणाऱ्या तिच्या भाऊबंदांना) सरसकट तारली म्हणतात. खात्री करायची तर पोटाखालच्या जोडीच्या परातल्या काड्या मोजा, खऱ्या तारलीत ९ भरतात, आपल्याकडच्या बाकीच्या नेहमीच्या पेडव्यांत ८. मासा उताणा करून टाचणीने पर पसरवला की उजेडात मोजता येतात. आणि कल्ल्याचं झाकण उचलून आत बघितलं तर बारीक दाताळी इतकी दाट असते की केसांच्या फणीतून पाणी गाळावं तसं ती समुद्राचं पाणी गाळते, कल्ल्याच्या पहिल्या कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर दीडशेच्या वर दाते असतात. बाजारात उभ्या उभ्या करता येईल अशी यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

प्रश्न : पुण्याच्या मासळी बाजारात एक विचित्र मासा दिसला, फोटो काढला, विक्रेता म्हणाला रत्नागिरीचा माल आहे. याची नोंद करता येईल?

माशाची ओळख करता येईल, जागेची नोंद नाही. बाजारातला माल गुजरातमधून येतो, कर्नाटक-केरळातून येतो, ट्रकमधे एकत्र होतो. बंदरावरही हीच काळजी घ्यावी लागते. ससून डॉकला उतरलेला मासा मुंबईसमोरच मिळालेला असतो असं नाही, मोठ्या बोटी कित्येक दिवस बाहेर असतात आणि पार वर-खाली फिरून येतात. म्हणून तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) गाठून जीपीएसवरची जागा विचारावी लागते. मी तर म्हणेन की बंदराचं नाव हीच पकडल्याची जागा असं लिहिलेली नोंद दिसली की सावध व्हावं.

प्रश्न : आता सगळ्यांकडे एवढे चांगले कॅमेरे आहेत, मग मासाच कशाला पाहिजे? नुसता फोटो का चालत नाही? (ठाणे, बीएस्सीची विद्यार्थिनी)

कधी कधी चालतो. ओळखायला सोपा असेल, दुसरा कुणी त्याच्यासारखा नसेल तर चांगल्या फोटोवरची नोंद मान्य होते, आणि मोठ्या किंवा संरक्षित माशांच्या बाबतीत तर फोटोच योग्य. पण एक गोष्ट सांगतो म्हणजे अडचण कळेल.

सीलकँथ हा मासा डायनोसॉरच्या काळातच संपला असं समजलं जायचं. १९३८ च्या डिसेंबरमधे दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनच्या बंदरात एका ट्रॉलरवर तो सापडला, तिथल्या छोट्या म्युझियमच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी ओळखलं की हे काहीतरी वेगळं आहे आणि मासा राखला. दुसरा मिळायला १९५२ उजाडलं, कोमोरो बेटांजवळ. मग कित्येक वर्षं सीलकँथ म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम कोपरा हे समीकरण पक्कं होतं. १९९७ च्या सप्टेंबरमधे जीवशास्त्रज्ञ मार्क अर्डमन आणि त्यांची पत्नी इंडोनेशियात सुलावेसीच्या मनाडो शहरात बाजारात गेले आणि हातगाडीवर हाच मासा जाताना दिसला. फोटो काढला, मासा विकत घेतला नाही. कोमोरोपासून जवळपास १०,००० किलोमीटरवर, एवढा मोठा दावा, आणि हातात फक्त फोटो. मग त्यांनी गावोगावच्या कोळ्यांना विचारत शोध घेतला, तिथले कोळी या माशाला राजा लाउत म्हणजे समुद्राचा राजा म्हणून आधीपासून ओळखत होते, आणि १९९८ च्या जुलैमधे शार्कच्या जाळ्यात एक मिळाला तेव्हा कुठे दावा पक्का झाला.

पुढचा भाग अजून महत्त्वाचा. मासा हातात आल्यामुळे त्याचा डीएनए बघता आला आणि कळलं की हा आफ्रिकेकडचा सीलकँथ नाहीच, वेगळी जात आहे. १९९९ मधे तिला लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस नाव मिळालं. म्हणजे वरवर बघता "ओळखीचा मासा नव्या ठिकाणी" अशी गोष्ट होती आणि निघाली नवीन जात. निळसर करड्याऐवजी तपकिरी रंग फोटोतही दिसतो, पण रंगावरून जात ठरत नाही. आणि २००० मधे अजून एक फोटो पुढे आला, अर्डमन यांच्याही आधी इंडोनेशियात सीलकँथ मिळाला होता असा दावा करत, तो फोटो बनावट निघाला. संगणकावर फोटो तयार करणं तेव्हापेक्षा आज किती सोपं झालंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

प्रश्न : एक मासा सापडला म्हणजे त्या जातीने तिथे वस्ती केली असं समजायचं का? (नाशिक)

नाही. भूमध्य समुद्रात लायनफिश, टेरॉइस माइल्स, इस्राएलच्या हर्झलियासमोर १९९१ मधे एक मिळाला. सुएझ कालवा १८६९ मधे खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातले मासे तिकडे जात आलेत, त्यातलाच हा, असं मानलं गेलं. नंतर जवळपास वीस वर्षं काही नाही. २०१२ मधे लेबनॉनला दिसला, मग सायप्रस, तुर्की, ग्रीसची बेटं असं करत काही वर्षांत पसरला आणि आता तिथले लोक तो खाऊन कमी करायच्या मागे आहेत. पहिली नोंद फसवी ठरली असंही नाही, ती होती म्हणूनच २०१२ ला लोकांना कळलं की हे पहिलं पाऊल नाही. वस्ती म्हणायची तर अंडी भरलेल्या माद्या, लहान पिल्लं आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या आकाराचे मासे मिळायला हवेत. म्हणून मासा संस्थेत दिला की पोट उघडून अंडाशय बघतात का हे जरूर विचारा.

प्रश्न : मी सिडनीत राहते, इथे उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ चक्क प्रवाळातले रंगीत मासे दिसतात. हे इथलेच का?

बहुतेक पाहुणे. पूर्व ऑस्ट्रेलियाचा प्रवाह ग्रेट बॅरियर रीफच्या बाजूने पिल्लं खाली वाहून आणतो, ती उन्हाळाभर वाढतात आणि त्यातली बरीचशी हिवाळ्यात थंडीने मरतात. हिवाळा काढून दुसऱ्या वर्षी दिसणारे किती, तेच खरं बघायचं. तुमच्याकडे रेडमॅप नावाचा उपक्रम आहे, २००९ मधे टास्मानियात सुरू झाला, त्यात कुणीही फोटो पाठवू शकतं आणि तज्ज्ञ तपासून नोंद घेतात. आपल्या कोकणासाठी मराठीतून असं काही असावं अशी माझी फार मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : नोंदीसाठी मासा ठेवला आणि तो संरक्षित निघाला तर? (देवगड, बोटमालक)

रास्त भीती आहे. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडे हे सगळे २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली आहेत आणि यादी पुढे वाढलीय. असा मासा जिवंत असेल तर जाळं कापून सोडा, सोडताना व्हिडिओ करा, तोच तुमचा पुरावा आणि तीच नोंद. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशा फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्यालाही फोटो-व्हिडिओ लागतोच. मेलेला मिळाला तर बंदरावर आणायच्या आधी मत्स्य खात्याला किंवा वनखात्याच्या कांदळवन कक्षाला फोन करा. बाकी साध्या मासळीचा नमुना ठेवण्यात काही अडचण नाही.

प्रश्न : एक मासा गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून फ्रीजरमधे पडून आहे, आता काही उपयोग आहे का? आणि नोंद झाली तर नाव कुणाचं लागतं? (वसई)

उपयोग नक्की आहे. रंग गेला असेल पण काड्या, खवले, काटे तसेच असतात आणि गोठवलेल्या मांसातून डीएनए मिळतो. परत परत वितळवू मात्र नका, त्याने मांस खराब होतं. १ जूनच्या पावसाळी मासेमारीबंदीआधीची शेवटची फेरी होती का, कुठली बोट होती, हे तांडेलाला आजच फोन करून विचारा आणि लिहून ठेवा.

नावाचं म्हणाल तर लेखावर संशोधकांची नावं असतात, मासा आणून देणाऱ्याचा उल्लेख बहुतेक वेळा शेवटी आभारात एका ओळीत येतो आणि कधी कधी "स्थानिक मच्छीमार" एवढ्यावरच भागवतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याने मासा वेगळा आहे हे ओळखलं, विकायचं सोडून राखून ठेवला आणि जागा सांगितली त्याचं पूर्ण नाव आणि बोटीचं नाव लेखात यायलाच पाहिजे. म्हणून मासा देताना पोचपावती घ्या, तुमचं नाव कसं लिहायचं ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहा आणि संग्रहालयाचा नंबर पडला की कळवा असंही सांगून ठेवा.